बर्फावर ठेवलेला मसाला

आयरिनचा मसाला गेला, हे गॅब्रियलला कळलं मे महिन्यातल्या एका मंगळवारी. आयरिन, त्याची बायको, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. ती गेली तेव्हा अर्धं उत्तन गाव दारात उभं होतं. मसाला गेला तेव्हा एकटा त्याचा होडीवरचा जोडीदार धर्मा होता, आणि तोही चहाला आलेला!

मसाला म्हणजे बाटली मसाला. सत्तावीस जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या जुन्या बाटल्यांत दाबून भरायचे. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि शेजारणीने विचारलं तर एक जिन्नस चुकीचा सांगायचा, ही गावची रीत. आयरिन सगळं एकटी करायची. गॅब्रियलकडे एकच काम असायचं, पडवीतल्या बाटल्या धुणं. तेहतीस वर्षं तो 'उद्या धुतो' म्हणाला आणि तेहतीस वर्षं बाटल्या आयरिनने धुतल्या.

मुलीच्या, लिनेटच्या कटकटीने आयरिनने ते प्रमाण शेवटी आपल्या लॅपटॉपवर उतरवलं होतं. घरात शेवटच्या बाटलीत तीन बोटं मसाला उरला होता. रविवारी लिनेट नवघरहून नवा करायला येणार, म्हणून गॅब्रियलने सोमवारी लॅपटॉप उघडला. दहा वर्षांचं ते म्हातारं यंत्र म्हणालं, नवी सिस्टीम टाका.

"पप्पा, हात लावू नका!" लिनेट फोनवर ओरडली. "जुना आहे तो, झेपणार नाही!"

"अगं, भर दर्यात सहा सिलिंडरचं इंजिन खोललंय मी! ह्यो तर डबा हाय!"

आणि त्याने 'होय' दाबलं.

दुपारपर्यंत चौऱ्याऐंशी टक्के झालं. मग काहीच नाही. संध्याकाळी चौऱ्याऐंशी. मंगळवारी सकाळीही चौऱ्याऐंशी! पडद्यावर लिहिलेलं, 'बंद करू नका'. आतला पंखा तर ओहोटीत अडकलेल्या होडीसारखा कोकलत होता.

धर्माने वर हात ठेवला आणि झटकन काढला. "गॅब्या, भाकरी भाजंल यावर! इंजिन तापलंय."

"मग काय करायचं?"

"आता हे मी सांगू? आपण नासणाऱ्या मालाला काय करतो?"

चाळीस वर्षं मासे धरलेल्या दोन माणसांना एकच उत्तर येत होतं. थर्माकोलचा खोका आला. बर्फ आला. बर्फावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर लॅपटॉप, पापलेटासारखा आडवा!

दहा मिनिटांत पंखा गप्प झाला. आणि पंच्याऐंशी!

"उतरला ताप!" गॅब्रियल ओरडला. हेच वाक्य हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला होता, आयरिनच्या खाटेपाशी, ती जायच्या आदल्या संध्याकाळी. गॅब्रियलला ते आठवलं.

"अजून टाक बर्फ!" धर्माला चेव चढला होता.

पिशवीला शिंगाळा माशाच्या काट्याने पाडलेलं भोक होतं. ते दिसलं तेव्हा पडदा काळा झाला होता.

मग ओल्या मालाचं जे करतात तेच केलं. लॅपटॉप उघडून, उलटा, बोंबलांच्या शेजारी दोरीवर टांगला. तासाभरात खाली तीन मांजरं बसली. त्यातली एक आयरिनची होती. तिने तरी बरं वागायला हवं होतं!

गुरुवारी गॅब्रियल तो पिशवीत घालून केबिन रोडवर जितेशच्या दुकानात गेला. जितेश जैन. त्याने पिशवी उघडली, बंद केली, नाकाला रुमाल बांधला आणि पुन्हा उघडली.

"अंकल, ये लॅपटॉप है की मच्छी?"

"लॅपटॉप हाय. पाण्यात पडला."

"समुंदर में?"

"बर्फात."

जितेशने पुढे विचारलं नाही. "डेटा काय आहे आत?"

"मसाला."

"वो तो वासच येतोय!"

पण पोरगा कामाचा निघाला. दोन बोटांनी त्याने डिस्क बाहेर काढली, स्वतःच्या मशीनला लावली आणि म्हणाला, "नशीबवान आहात. लॅपटॉप गेला, फाईल वाचली." गॅब्रियलला कोणी नशीबवान म्हटल्याला सात महिने झाले होते.

रविवारी लिनेटने आपल्या लॅपटॉपवर फाईल उघडली आणि मोठ्याने वाचली. "काश्मिरी मिरची, माझ्या चाळीस मुठी. धणे, माझ्या बारा मुठी. हळद, माझ्या दोन." सत्तावीसच्या सत्तावीस जिन्नस, आणि सगळ्यांपुढे मूठ नाहीतर चिमूट. आयरिनची.

लिनेटने टेबलावर आपली मूठ ठेवली. "पप्पा, मम्मीची मूठ एवढीच होती की लहान?"

होडीच्या पंख्याचं माप गॅब्रियलला इंचात पाठ होतं. "लहान असंल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे? तेहतीस वर्षं बघितली नाहीत?"

लिनेटने खालची शेवटची ओळ वाचली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. 'बाटल्या गॅब्रियल धुवेल. नाही धुणार. आपणच धुणे.'

आता जून चार दिवसांवर आलाय. गच्चीवरच्या मिरच्या वाळून कडक झाल्यात. मुठीचं माप ठरलेलं नाही. बाटल्या धुवायच्या राहिल्यात.