खंडेनवमीचा सापळा

खंडेनवमीला लोहाराचा भाता थंड, म्हणून कल्याणचे आनंदराव लोहार नेमके त्याच दिवशी मोहने गावी मुलासाठी मुलगी बघायला आले. एरवी बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यातून त्यांना मान वर करायला सवड कुठली! इकडे गुरुदत्त लोहार आणि गोदूबाई सकाळपासून घामाघूम. त्यांच्या लेकीसाठी, कमळीसाठी आलेलं हे चौथं स्थळ. आधीची तीन जेवून गेली ती गेलीच.

आनंदरावांनी आधी देवघर पाहिलं. घण, सांडशी, पहार, कोयता, इतकंच काय, गोदूबाईंची विळीसुद्धा झेंडू लावून पूजेत बसली होती.

"ब्येस! आज आमच्यात सुईलापन कोन हात लावत नाय," ते म्हणाले. "रीत मोडनारं घर आपल्याला नको, आदीच सांगतो."

गुरुदत्ताच्या जिवात जीव आला. पण गप्प बसेल तर तो गुरुदत्त कसला! "चला, माझा सापळा दावतो. कोल्ह्यानं सात कोंबड्या नेल्या, म्हनून आगगाडीच्या डब्याखालच्या मोडक्या पोलादी कमानीचा घडवला."

खुराड्यामागे पेंढ्याखाली सापळा लावलेला, साखळीनं शेवग्याला बांधलेला. आनंदराव पुढे होऊन वाकले आणि हसले. "यो? कोल्हा ऱ्हाऊ दे, ह्यात उंदीर पन—"

खाट्!

पाय वाचला हो, देवाची कृपा! पण धोतराचा सोगा जबड्यात असा अडकला, की आनंदराव जागच्या जागी उभे.

"यो पूजेत का नाय ठेवला?" ते कडाडले.

"कोल्ह्याला नवमी कुठं ठाव!"

"बरं, उघड आता!"

"कमान दाबायला पहार लागंल. ती पूजेत."

"मग धोतर काप!"

"कशानं?" गोदूबाई कळवळल्या. "विळी पूजेत."

"मोडा रीत, मी सांगतो!"

"नको बाबा," गुरुदत्त म्हणाला. "उद्या तुमीच नावं ठेवाल."

दोन-दोन लोहार हजर, आणि एक सापळा उघडेना! नवं कोरं मांजरपाट हातानं फाटेना. गुरुदत्ताचं दुसरं धोतर सणासाठी धुतलेलं, ओलंचिंब. शेवटी सगळ्यांना पाठ फिरवायला लावून आनंदरावांनी धोतर तिथंच सोडलं आणि गोदूबाईंचं हिरवं लुगडं गुंडाळून ते गाडीत चढले.

"कल्याणात ह्ये कुनाला कळता कामा नये," ते पुटपुटले.

"अगोबाई, आमी कशाला सांगू?" गोदूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "सोयऱ्याधायऱ्यांची गोष्ट भाईर न्यायची रीत नाय आमच्यात." मग हळूच म्हणाल्या, "सोयरे झालात, तर."

आनंदरावांनी लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओढला. "उद्या दसरा हाय. साखरपुड्याची साखर घेऊन येतो."

"अवो, पन पोरगी बघायची ऱ्हायली की!" गुरुदत्त ओरडला.

"बघितली समजा. हाक रं गाडी!"