तोफेवरचं छत

बाळांनो, एका जंगलात सिंहमहाराजांचं नदीपलीकडच्या लांडग्यांशी युद्ध जुंपलं होतं. लांडगे रोज नदी ओलांडून येत आणि चार हरणं उचलून नेत. महाराजांना फार दुःख होई. हरणं त्यांनाही आवडत.

त्यांनी साळोजी साळिंदराला बोलावलं. साळोजी लोहारकाम करी. त्यानं तीन महिन्यांत एक तोफ घडवली. दोन रेडे सहज ओढतील इतकी हलकी. पहिल्याच गोळ्यानं समोरच्या टेकडीवरचा खडक फुटला.

"उत्तम!" महाराज म्हणाले. "आता समिती नेमा."

समितीचे अध्यक्ष हत्ती. त्यांनी तोफेला सोंड लावून पाहिली. "राज्याची तोफ कशी भारदस्त दिसायला हवी," ते म्हणाले. मग तिला लोखंडाची जाडजूड ढाल आली.

मोर म्हणाला, "महाराज पाहणीला आले तर उन्हात उभे राहणार का?" मग तोफेवर छत आलं. छतावर पितळी कळस आला.

कासव म्हणालं, "पळत्या तोफेची तपासणी मी कशी करायची?" मग मागे दगडांची पेटी बांधली.

"अहो, पण ही युद्धावर पोहोचणार कधी?" साळोजीनं विचारलं.

"तो विषय या समितीकडे नाही," कासव म्हणालं.

यात दोन वर्षं गेली. हरणं निम्मी उरली.

अखेर वीस रेडे जुंपून तोफ निघाली. तोफ डागायचं काम राणू रेड्याकडे होतं. त्याचा धाकटा भाऊ सुभान त्याच्या मदतीला होता. नदीकाठी पोहोचताच तोफ चिखलात रुतली. तेवढ्यात समोरून लांडगे पाण्यात उतरले.

"दादा, नळी वळतच नाही!"

"मोड ते सगळं!" राणू ओरडला.

दोघांनी शिंगांनी छत उडवलं, ढाल पाडली, पेटी ढकलून दिली. तोफ मोकळी झाली. बाकीचे रेडे जुवात अडकलेले होते, म्हणून राणू गोळा भरेपर्यंत सुभाननं एकट्यानं लांडगे अडवून धरले. तीन गोळे सुटले. लांडगे पळाले.

सुभान उठला नाही. राणू त्याच्या अंगावरच्या माश्या वारत दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिला.

आठवड्यानं दरबार भरला. विजयाबद्दल समितीला पदकं मिळाली. राणूची चौकशी झाली.

"सरकारी छत कोणाच्या परवानगीनं मोडलंस?"

"महाराज, माझा भाऊ गेला."

"त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल," कासव म्हणालं.

राणूला सैन्यातून काढून टाकलं. साळोजीला आणखी दहा तोफांचा हुकूम मिळाला, प्रत्येकीवर दोन कळस.

इतक्यात हेर कावळा धापा टाकत आला. "महाराज, लांडगेही तोफ बनवताहेत!"

"त्यांच्या समितीत कोण कोण आहे?"

"समिती नाही, महाराज. नुसता एक लोहार आहे."

"समितीच नाही? मग तोफ होणार कशी!" महाराज म्हणाले.

बाळांनो, दरबार पोट धरधरून हसला.

तात्पर्य : शत्रूचा कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर त्याच्यावर गोळे वाया घालवू नयेत. आपली समिती त्याच्याकडे पाठवून द्यावी.