गीझरच्या प्लगवर गाडी

"माणसाने गार पाण्याने आंघोळ करायची आणि गाडीने गीझरचा प्लग वापरायचा! घ्या!"

बाथरूमच्या दाराआडून सासूबाई पुटपुटल्या. मी दाराशीच वायरचं भेंडोळं घेऊन बसले होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. जानेवारीतलं भोपाळ, वय वर्षं ब्याऐंशी आणि बादलीत नळाचं पाणी. मी असते तर पुटपुटले नसते, सरळ किंचाळले असते!

पण मनात म्हटलं, आई, जरा सोसा. तुमचा मुलगा आज इतिहास घडवतोय.

आमचे हे, म्हणजे दिगंबरराव, छत्तीस वर्षं इथल्या मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या विभागात होते. घराएवढाले ट्रान्सफॉर्मर! गावंच्या गावं उजळवणारे! अयोध्या नगरातल्या आमच्या गल्लीत निम्मी माणसं यांना 'सर' म्हणतात आणि उरलेली 'साहेब'. मागच्या महिन्यात रिटायर झाले. तरी रोज सकाळी दाढी करून, बूट घालून सोफ्यावर बसायचे, आणि कुणी काही विचारायलाच यायचं नाही. मला ते बघवत नसे.

मग ही इलेक्ट्रिक गाडी आली. आणि मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये हे उभे राहून म्हणाले, "स्नेहसंमेलनाचे पाहुणे मी आणतो स्टेशनवरून. आपल्या नव्या गाडीतून!" टाळ्या पडल्या. रिटायर झाल्यापासूनच्या पहिल्या टाळ्या! यांचे कान लाल झाले. माझेही.

पाहुणे शनिवारी चार वाजता राणी कमलापती स्टेशनला उतरणार. गाडीत बॅटरी नऊ टक्के. भिंतीवरचा चार्जर बसवायला कंपनीची माणसं येणार पुढच्या आठवड्यात. घरातला एकमेव पॉवर प्लग गीझरचा, मागच्या पॅसेजमध्ये. आणि गाडी पुढच्या फाटकाशी.

"एक्स्टेंशन!" हे म्हणाले. सफरचंद पडताना पाहिल्यासारखा चेहरा!

आता माझं सांगते. दहावी झाली आणि लग्न होऊन इथे आले. पण घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबरचं पुस्तक वाचायचं, हा माझा नेम. माझं सगळं इंग्रजी मिक्सर आणि वॉशिंग मशीनवर पोसलेलं आहे. गाडीचं पुस्तक तर मी दोनदा वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की एक्स्टेंशन शक्यतो वापरूच नका. शोरूमवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, नाइलाजच असेल तर जाड तांब्याची, सोळा अँपिअरची, अर्थिंगवाली घ्या. कमी लांबीची, मध्ये जोड नसलेली. आणि वायर सगळी उलगडून ठेवा, गुंडाळलेली तापते.

"अहो, पुस्तकात लिहिलंय..."

"रजनी, पुस्तकं कोण लिहितं? आमच्यासारखीच माणसं!"

मला एकदम पटलं. पुस्तक मिटून ठेवलं.

शुक्रवारी आम्ही जवाहर चौकात गेलो. दुकानदाराने एक काळी, अंगठ्याएवढी जाड केबल काढली. "भाभीजी, गाड़ी के लिए यही लीजिए. सीधी लगाइए, बीच में कोई जोड़ नहीं. और साहब, घर का पुराना बोर्ड तो बिलकुल मत..."

"मैं ट्रान्सफॉर्मर में था. छत्तीस साल," हे शांतपणे म्हणाले.

दुकानदाराने जीभ चावली, हात जोडले. "अरे साहब! फिर हम क्या बताएँ आपको!" आणि ती जाड केबल परत वर ठेवून दिली. मी तिच्याकडे, माहेरी निघालेल्या मैत्रिणीकडे बघावं, तशी बघत राहिले.

यांनी बारीक सुटी वायर घेतली. घरी येऊन ती आपल्या जुन्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडली. हा बोर्ड यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वतः बनवला. सागवानी लाकूड, वर सनमायका, कोपऱ्यात लाल दिवा. कारखान्यातल्या प्रत्येक इंजिनिअरच्या घरी असा एक घरचा बोर्ड असतोच. बायका मुलांचे फोटो दाखवतात, तसा हे पाहुण्यांना बोर्ड दाखवतात. जोडाला पट्टी गुंडाळली ती अशी सुबक, की बाळाचा लंगोट बांधावा! खरं सांगते, मी बघतच राहिले. काय हात आहे माणसाचा!

शनिवारी साडेबाराला बटण दाबलं. गाडीवर हिरवा दिवा लुकलुकला. आम्ही दोघांनी नमस्कार केला.

वायर उरली दहाएक मीटर. हॉलमध्ये पसारा यांना खपत नाही. यांनी ती चकलीसारखी गोल गुंडाळून सोफ्याशेजारी ठेवली. इतकी नेटकी चकली मला आजवर जमलेली नाही! 'उलगडून ठेवा' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण यांचा चेहरा असा फुलला होता, की मी ते चहाबरोबर गिळले.

तेवढ्यात सासूबाई कुडकुडत बाहेर आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि पाच मिनिटांत त्यांचा आवाज मऊ झाला.

"दिगू, किती छान ऊब आहे रे इथे! गाडीबरोबर शेगडी पण दिली का त्यांनी?"

बघते तर काय, लोकरीचे मोजे घातलेले पाय त्या चकलीला लावून आई शेकत बसलेल्या!

"आई, पाय वर घ्या!" मी ओरडले.

"का गं? आत्ता कुठे जिवात जीव आला!"

शेजारचे सुरेशभाऊ पेपर मागायला आले. सुरेशभाऊ कारखान्यात यांच्या हाताखाली होते. चकलीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, नाकाने दोनदा वास घेतला.

"सर... काहीतरी... म्हणजे एकदम जबरदस्त काम झालंय, सर!"

"काही सुचवायचंय का, सुरेश?"

"मी? तुम्हाला? छे हो सर!" सुरेशभाऊंच्या कपाळावर घाम. जानेवारीत!

"मला तर कुणाचीतरी कढई करपल्यासारखी वाटतेय," सासूबाई म्हणाल्या.

"माझीच असेल," मी म्हटलं. गॅस सकाळपासून बंद होता.

यांनी वास घेतला. "नवीन वायर आहे. पहिल्यांदा येतोच."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या, नंदीबैलासारख्या.

आणि फट्ट!

घर गप्प. फ्रिज गप्प. मुख्य बटण आपणहून पडलं होतं. त्या बटणाला यांची भीड नव्हती एवढंच! बोर्डातून धुराची बारीक रेघ निघाली. प्लग वितळून सनमायक्यावर पसरला होता, उन्हात राहिलेल्या पेढ्यासारखा. गाडीत बॅटरी बारा टक्के. घड्याळात पावणेदोन.

"व्होल्टेजचा लफडा आहे, सर!" सुरेशभाऊ आधी सावरले. "आपल्या एरियात आजकल फार फ्लक्चुएशन!"

"गाडीच मेली अवलक्षणी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दिगूचा हात लागलेलं कधी बिघडत नाही."

"चूक माझी," मी म्हटलं. "मी सकाळी ओल्या फडक्याने पुसलं ना!" फडक्याला मी हातही लावला नव्हता.

हे गुडघ्यांवर बसून त्या वितळलेल्या प्लगकडे बघत राहिले.

नेमका फोन वाजला. मंडळाच्या सुचेताताई. यांनी स्पीकर लावला.

"दिगंबरराव, गाडी सज्ज ना? हार घेऊन आम्ही पुढे निघतो. सगळ्यांना सांगून ठेवलंय, गाडी बघायला थांबा म्हणून!"

सुरेशभाऊंनी हवेत बोटाने गोल काढून फुस्स केलं. म्हणजे पंक्चर सांगा. सासूबाईंनी पोट धरून डोळे फिरवले. म्हणजे आई आजारी सांगा. मी हात जोडले. म्हणजे काहीही सांगा, पण त्या कानांवरची लाली उतरू देऊ नका!

यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. मग फोन तोंडाजवळ धरला.

"सुचेताताई, माझी गाडी येत नाही. सुरेश त्याच्या गाडीतून पाहुण्यांना आणेल. मी चुकीची वायर लावली, प्लग जळला. घरातलं वायरिंग मला येत नाही. कधीच येत नव्हतं. कारखान्यात मी कागदावर डिझाइन तपासायचो. वायर जोडायला तिथे वेगळा माणूस होता."

छत्तीस वर्षांत या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

सासूबाईंनी मोजे सारखे केले.

"अरे दिगू, मग त्या माणसाचा नंबर आहे का तुझ्याकडे?"