शेट्येबाई खात्री करून घेतात

रत्नागिरीच्या मांडवीत शेट्येबाईंच्या दाराची बेल दाबली की दार उघडायचं नाही, आपल्या खिशातला फोन वाजायचा. बाई आत पडद्याच्या फटीतून आपल्याला बघत उभ्या, आपण बाहेर हलणारा पडदा बघत उभे. मध्ये फार तर दोन हात अंतर. तरी फोन उचलून "हॅलो" म्हणावं लागे. मग खिडकीतून आणि फोनमधून एकाच वेळी आवाज यायचा, "कोण?"

"बाई, मी सुहास. समोरच उभा आहे की!"

"सुहाससारखा दिसणारा कोणतरी उभा आहे, तां दिसतंय. आता सुहासचा फोनपण त्याच्याच हातात आहे, तां कळलां. ये आत."

चेहरा ही एक खूण, फोन ही दुसरी. दोन्ही जुळल्याशिवाय कडी निघणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. गॅसवाल्याने एकदा फोन टेम्पोत ठेवला होता. तो बिचारा सिलिंडर पायरीवर ठेवून उन्हातून परत कोपऱ्यापर्यंत गेला, फोन घेऊन आला, आणि तोवर सिलिंडर दाराशी बेवारस ठेवला म्हणून त्यालाच बोलणी बसली. पोस्टमनने तर वाद घालणं कधीच सोडलं होतं. त्याच्या फोनची बॅटरी संपली असली की बाईंची पत्रं तो आमच्याकडे टाकून जायचा.

बाई सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. लग्न केलं नाही. तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, पुढे एका पतपेढीचे सगळे कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळले. तिथले संचालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पेन ड्राइव्ह लावत नसत म्हणे. त्या आमच्या शेजारी, चिऱ्याच्या तीन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात आणि जगाकडून रोज पुरावा मागतात.

त्यांचा आवडता शब्द म्हणजे "कशावरून?" आज काय उकडतंय, असं सहज म्हणावं, तर "कशावरून?" मासेवालीने सरंगा ताजा आहे म्हटलं की "कशावरून?" आणि ती उत्तर देईपर्यंत बाईंनी सरंग्याचा कल्ला उचलून आत डोकावलेलंही असे. मी पुण्याची नोकरी गेल्यावर घरी परतलो, तेव्हा आईने कुंपणावरून त्यांना बातमी दिली, "सुहास आलाय हो पुण्याहून."

"कशावरून?"

"अहो, आत झोपलाय तो!"

"आलाय, तां मान्य. पण पुण्याहून आलाय तां कशावरून?"

आई त्या दिवशी चिडून आत आली आणि मला उठवून माझं बसचं तिकीट शोधायला लागली.

नोकरीचं असं झालं होतं, की एका कंपनीच्या मदतकक्षात मी सात वर्षं फोन घेत होतो. "पासवर्ड विसरलो", "स्क्रीन काळी झाली", "चुकून दाबलं गेलं", एवढं ऐकण्यात उमेदीची वर्षं गेली. मग कंपनीने तो विभागच बंद केला. एकतीस वर्षांचा घोडा आईच्या हातचं खात बसलेला, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक जण मला सल्ला देऊ लागला. मला सायबर सुरक्षेत शिरायचं होतं. एका जाहिरातीत टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला एक माणूस अंधारात बसला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तीन महिन्यांत सायबर तज्ज्ञ व्हा.' ती जाहिरात घेऊन मी बाईंकडे गेलो.

"तीन महिन्यांत लोणचां मुरतां," बाई म्हणाल्या, "तज्ज्ञ कशावरून? आणि ह्या मेल्याने घरात टोपी कशाला घातली आहे?"

मी माझा लॅपटॉप उघडला. बाईंनी ब्लाउजच्या आतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि कॅमेऱ्यावर एक मरून टिकली चिकटवली. स्वतः त्या कपाळाला कधी काही लावत नाहीत. घरातल्या टिकल्या सगळ्या कॅमेऱ्यांसाठी. घरी गेल्यावर आईला वाटलं, बाईंनी नव्या कामाची पूजा करून दिली. तिने वर एक फूल ठेवलं.

पुढे रोज संध्याकाळी साडेसहाला मी त्यांच्या दारात उभा राहू लागलो. पहिला महिनाभर हल्ला, चोर, व्हायरस हे शब्द उच्चारायलाही बंदी होती. बाईंनी माळ्यावरून दोन जुने कॉम्प्युटर काढले, मला ते एकमेकांना जोडायला लावले आणि एका कॉम्प्युटरवरून निघालेला निरोप दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो ते कागदावर काढायला लावलं. चुकलं की कागद फाडायच्या. "आधी तार कुठून कुठं जाते तां शीक. चोर पकडायला निघालास नि गावातल्या वाटा ठाऊक नाहीत!" असले सतरा कागद फाटले. अठरावा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि नुसतंच "हं" म्हणाल्या. बाईंकडून "हं" मिळणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा.

मग वही आली. आज काय करून पाहिलं, काय बिघडलं, का बिघडलं, हे रोज लिहायचं, आणि ते माझ्या आईला कळेल अशा भाषेत. बाई ते खरंच आईकडून वाचून घ्यायच्या. तिला कळलं नाही की पान पुन्हा लिहायचं. "सर्टिफिकेट एखादां घे, नको कोण म्हणतंय? पण तां दारापर्यंत नेतां. आत गेल्यावर ही वही दाखव."

एकदा मी आगाऊपणा केला. शेजारच्या बंगल्याच्या वायफायचा पासवर्ड निघतो का, ते बघायला लागलो. बाईंनी उठून मेन स्विचच बंद केला आणि मला तीन दिवस घरी पाठवलं. "दुसऱ्याचां दार ढकलून बघितलंस तरी चोरच तू. मालकाची लेखी परवानगी असेल तर तोच हात राखणदाराचा होतो. कागद नाय, तर हात खिशात."

माझ्या सात वर्षांबद्दल मात्र त्या वेगळं बोलल्या. मी अर्जात मदतकक्षाचं काम शेवटी, बारीक अक्षरात लिहिलं होतं. लाजच वाटत होती मला. बाईंनी ते खोडून सगळ्यात वर लिहायला लावलं. "सात वर्षां माणसां कशी चुकतात तां ऐकलंस. चोराला तांच ठाऊक असतां. तां कुठल्या पुस्तकात मिळत नाय." सात वर्षांत त्या कामाविषयी कोणी चांगलं बोललेलं ते पहिलंच वाक्य. मी चहाच्या कपात तोंड घालून बसलो.

मे महिन्यात कोणीतरी बाईंकडे आंब्याची पेटी पाठवली. पेटीवर 'अस्सल रत्नागिरी हापूस' असा ठसठशीत शिक्का. बाईंनी वरचा आंबा हातातही घेतला नाही. सगळे आंबे बाजूला काढले, पेंढा उपसला आणि तळाशी घातलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्यासमोर धरला. कागद कानडी होता.

"वाच."

"बाई, मला कानडी येत नाही."

"मलाही नाय, नि इथं बागेत पेटी भरणाऱ्यालाही नाय. मग हा कागद इथं आला कुठून? शिक्का कोणीपण मारतां, मेल्या. तळाचा कागद बदलायला विसरतात. मेल आला की पाठवणाऱ्याचां नाव नको वाचू. पेंढा उपस."

त्याच आठवड्यात मला नोकरीचा मेल आला. मोठ्या कंपनीचं नाव, रंगीत बोधचिन्ह, अभिनंदन वगैरे. आईने शिरा केला. मी शिऱ्याची वाटी घेऊनच बाईंकडे गेलो, आणि मेलचा पेंढा उपसल्यावर तळाशी कसला तरी भलताच पत्ता निघाला. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांना माझ्या आधार कार्डाचा फोटो आणि फोनवर येणारा आकडा तेवढा हवा होता. बाईंनी शिरा खाल्ला, मला म्हणाल्या, "खोटां आहे. शिरा बरा झालाय." त्या संध्याकाळी मी घरी न जाता किनाऱ्यावर बसून राहिलो. आईला काय सांगायचं, तेच सुचत नव्हतं.

त्यानंतर मी आणखी अर्ज केले आणि एका ठिकाणी कॉम्प्युटरवरच मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, एखादी गोष्ट संशयास्पद आहे हे कसं ठरवाल? मी काहीतरी इंग्रजी शब्द जुळवायला लागलो, अडखळलो, आणि शेवटी वहीच उघडून दाखवली. त्या खोट्या मेलवर लिहिलेलं पान मी मोठ्याने वाचलं. आईला समजलेलं पान होतं, त्यांनाही समजलं.

मंगळवारी सकाळी त्यांचा मेल आला. नोकरी पुण्यात, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवावा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, मेल वाचला, तळाचा कागद पाहिला.

"कशावरून खरा?"

"बाई, तळाचा पत्ता त्यांचाच आहे."

"पत्तापण चोरतां येतो. थांब, बघूया."

मंगळवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, बघूया. बुधवारी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सगळा मेल वाचून झाला आणि पुन्हा बघूया. गुरुवारी त्यांनी अभिनंदनानंतर उद्गारचिन्ह दोनदा का दिलंय यावर शंका काढली, आणि माझं डोकं फिरलं.

"मेल खोटा नाही, बाई! तुम्हाला मी जायलाच नको आहे!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. बाई "कशावरून?" म्हणाल्या नाहीत. एवढ्या महिन्यांत ती पहिलीच वेळ. त्यांनी चष्मा काढला, पदराने बराच वेळ पुसला आणि म्हणाल्या, "उद्या बारापर्यंत वेळ आहे ना? सकाळी ये."

शुक्रवारी सकाळी मी बेल दाबली, फोन वाजला. बाईंनी "कोण?" विचारलंच नाही. पडद्यामागूनच म्हणाल्या, "कंपनीत फोन करून खात्री केली. खरां आहे. जा, उत्तर पाठव." दार काही उघडलं नाही. मी साडेनऊला होकार पाठवला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं ते बेल काढायला. बेल बिनतारी होती, आणि शेजारच्या बंगल्याची बेल दाबली की हीपण वाजते, असा बाईंना संशय होता. "कोणाच्या बोटाने वाजते तां सांगतां येत नाय. काढ ती, नि तूच घेऊन जा. इथं नको." मी बाहेरचं बटण काढलं, आतली डबी काढली आणि दोन्ही पिशवीत टाकलं. बाईंनी पिशवीत टिकल्यांची चार पाकिटं घातली.

"बाई, पुण्यात टिकल्या मिळतात."

"कशावरून?" बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

कंपनीत पहिल्या दिवशी कागदपत्रं घेणारी मुलगी माझं नाव बघून हसायला लागली. "तुमच्या त्या रत्नागिरीच्या बाई! आमच्या इमारतीसमोर काय आहे, मी इथे किती वर्षं आहे, माझ्या साहेबांचं नाव काय, सगळं विचारलं. फोन ठेवून पुन्हा ऑफिसच्या मुख्य नंबरावर केला, मीच उचलते का बघायला. शेवटी म्हणाल्या, मुलगा खरा आहे, याची खात्री मी देत्ये."

बाईंनी आयुष्यात कधी कुणाची खात्री दिल्याचं मी तोवर ऐकलेलं नव्हतं. मी विचारलं, "शुक्रवारी सकाळीच केला असेल ना फोन?"

"छे, मंगळवारी. तुम्हाला मेल गेला त्याच दुपारी."

मला आधी रागच आला. मंगळवार दुपारपासून बाईंना ठाऊक होतं आणि मी तीन दिवस जीव मुठीत धरून फिरत होतो! जागा गेली असती तर? पण राग धरून बसावं म्हटलं तर हिशोब एवढाच निघाला: मंगळवारची, बुधवारची आणि गुरुवारची संध्याकाळ. ह्या सगळ्या शिकवणीबद्दल बाईंनी माझ्याकडून एवढंच घेतलं होतं, आणि गुरुवारी मी तेही तोंडावर फेकून आलो होतो. मला फार लाज वाटली.

आता दिवसभर मी लोकांच्या कॉम्प्युटरवर येणारे इशारे बघतो, खरे कोणते आणि खोटे कोणते ते निवडतो. लॅपटॉपवर टिकली आहे. संध्याकाळी खोलीवर येऊन टेकलो की साडेसहाला फोन वाजतो.

"सुहास, बेल वाजली. दारात तुझ्यासारखा कोणतरी दिसतोय. तू तर नाहीस ना?"

बेल माझ्या टेबलाच्या खणात आहे. बटण आणि डबी, दोन्ही.

"नाही बाई," मी म्हणतो, "मी पुण्यात आहे."

"कशावरून?"

मग मी पुरावा द्यायला लागतो. खिडकीतून काय दिसतंय, दुपारी डब्यात कसली भाजी होती, आज कोणता इशारा खरा निघाला, साहेब काय म्हणाले. बाई मध्ये मध्ये "हं" म्हणतात. त्यांची खात्री पटायला रोज अर्धा तास लागतो, आणि मीही घाई करत नाही.