झळक सरदाराचा आधार सुटला त्याची हकिकत

श्रीगजवदनाचे स्मरण करून, शारदेस दंडवत घालून, आणि वीज निदान दुपारपावेतो न जावो ऐसी प्रार्थना करून लेखनास हात घातला. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमी, ते दिवशी सकाळी दहाचे सुमारास संस्थानावर जो प्रसंग गुदरला तो यथास्थित लिहून काढावा ऐसी आज्ञा जाहली, त्याजवरून डोळां देखिले तेच लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही.

संस्थान म्हणजे एका सार्वजनिक ग्रंथालयाचे माडीवरील दालन. बाके बारा, पंखे दोन, पैकी फिरणारा एक, आणि पूर्वेच्या भिंतीस टेबलावर संगणक, तेच सिंहासन. येथे मोडीचा वर्ग भरतो. मोडी म्हणजे बापजाद्यांची ती जुनी लिपी, जीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग लेखणी होईल तो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जातात. जुन्या दफ्तरांत तिचे कागद रग्गड, वाचणारे मोजके. या वर्गाच्या गुरू कुमुदिनीबाई सबनीस, वय एकसष्ट, आवाज करडा, शिस्त त्याहून करडी. बाईंनी अकरा वर्षे खपून संगणकावर एकेचाळीस धडे सिद्ध केले होते. धडा सुरू करावा, की पडद्यावर रेघ आपोआप ओढली जाई, आणि मग अक्षर कोठून सुरू होते, कोठे वळते, कोठे पुढल्यास जाऊन मिळते, हे सारे डोळ्यांदेखत उमटत जाई, आणि पाहणारा थक्क होऊन राही. दूरदूरचे मोडीज्ञ येऊन पाहून गेले, त्यांनी बाईंस शाल दिली, नारळ दिला, आणि बाईंचे नाव मुलुखांत झाले. आणि हे सारे चालत होते ते झळक नामे सरदाराचे जिवावर. झळक म्हणजे ब्राउझरास जोडलेला एक लहानसा प्रोग्राम, ज्यास जाणते लोक प्लगिन म्हणतात. पडद्यावरील चित्र हलते ते त्याचेमुळे. सरदार म्हातारा जाहला होता, उठावयास वेळ लावी, मध्येच अडून बसे, परंतु बाईंचे एकेचाळीस धडे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास उघडत नव्हते, याकरिता त्याची मर्जी सांभाळून सर्व राहत असत.

आता चूक कोठे जाहली ते लिहितो. गेली तीन वर्षे संगणक सुरू करताच पडद्याचे माथ्यावर एक पिवळा खलिता येत असे, आणि त्याखाली दोन बटणे, एक ‘अधिक जाणून घ्या’ आणि दुसरे ‘नंतर आठवण करा’. संस्थानचा रिवाज असा की पहिले बटण कोणी दाबीत नाही. का दाबीत नाही, हे कोणी विचारीत नाही. हजेरी मांडणे आणि संगणक सुरू करणे हे काम माझेकडे, म्हणोन ‘नंतर’ हे बटण तीन वर्षे रोज याच बोटाने दाबिले, हे कबूल करितो आणि लाजेने मान खाली घालितो. पुढे मार्गशीर्षांत ग्रंथालयाचे अध्यक्ष श्रीमंत रंगरावजी खासा माडीवर आले, आणि खलिता त्यांचे दृष्टीस पडला, आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला, तो ऐसा: “पौष शुद्ध षष्ठीअखेर आधार संपुष्टात येत आहे. त्वरित कार्यवाही करा.” हे ऐकताच सभा चपापली. रंगरावजी बोलिले, “बघा! आधार संपतोय म्हणे. कुणाकुणाचं आधार लिंक करायचं राहिलंय? तीन वर्षं झोपला होतात काय?”

मग जी धावपळ जाहली ती काय सांगावी. तेवीस विद्यार्थ्यांस निरोप गेले, की प्रत्येकाने आधार कार्डाची झेरॉक्स दोन प्रती, सही करून, आणून देणे. बाईंनी आपले कार्ड दिले, रंगरावजींनी आपले दिले, जिन्याखाली चपला सांभाळणाऱ्या म्हातारबांचेही घेतले, का की त्यांचे राहिले तर उगाच घोळ नको. द्रौपदाबाई कुंभार म्हणोन एक शिकाऊ होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त परिचारिका, सासऱ्यांच्या ट्रंकेतील मोडी कागद मरायच्या आत स्वतः वाचीन या हट्टाने चार वर्षे येत असत, आणि परीक्षेत तीन वेळा नापास. त्या मात्र हातात कार्ड धरून बोलिल्या, “ओ रंगराव, मशिनीला आमचं आधार कशाला पायजे? तिला काय सिलेंडर घ्यायचाय?” यावर सभेत हशा जाहला, आणि रंगरावजी रागावले, आणि बाईंनी डोळे वटारले, आणि द्रौपदाबाई निमूट सही करून बसल्या. सर्व झेरॉक्स फायलीत लावल्या, फाईल कपाटात ठेविली, कपाटास कुलूप घातले, आणि संस्थान निर्धास्त जाहले. आम्ही परस्परांस शाबासकीही दिली, हे लिहावयास जड जाते.

त्याउपरि पौष शुद्ध सप्तमी उजाडली. परीक्षा आठ दिवसांवर आली होती, परगावचे परीक्षक येणार होते, आणि तेवीस असामी बाके धरून बसल्या होत्या. बाईंनी सत्ताविसावा धडा उघडण्याची आज्ञा केली. मी उघडला. पडद्यावर अक्षर नाही, रेघ नाही, नुसता एक करडा चौकोन, आणि त्याचे मध्यभागी चित्रकोड्याचा एक तुटका तुकडा. पुन्हा उघडला, तेच. अठ्ठाविसावा उघडला, तेच. पहिला उघडला, जो अकरा वर्षांत कधी दगा देता जाहला नव्हता, तेथेही तोच चौकोन. बाई उठून जवळ आल्या, त्यांनी स्वहस्ते एकामागून एक एकेचाळीस धडे उघडून पाहिले, आणि एकेचाळीस वेळा तो चौकोन पाहिला.

तातडीने रफीकभाई तांबोळी यांस पाचारण केले. हे संगणकाचे दुरुस्तीकार, दाढी पिकलेली, बाजारपेठेत दुकान. ते आले, त्यांनी चष्मा कपाळावर सरकविला, दहा मिनिटे खटपट केली, आणि विचारिते जाहले, “ताई, सूचना येत नव्हती का? सपोर्ट बंद होणार म्हणून?”

रंगरावजी छाती पुढे काढून बोलिले, “आली होती. आधाराची. आम्ही सगळ्यांचं आधार घेऊन ठेवलंय. दाखवा रे फाईल.”

फाईल आणिली. रफीकभाईंनी ती उघडली, पहिली झेरॉक्स पाहिली, दुसरी पाहिली, म्हातारबांची पाहिली, आणि फाईल मिटून हळूच टेबलावर ठेविली. मग बोलिले, “अहो साहेब, हे कार्ड नव्हे. सपोर्ट असतो ना इंग्रजीत, त्याचं मराठी केलंय त्यांनी आधार म्हणून. झळक ज्यांनी बनवला त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं, एवढंच लिहिलं होतं त्यात.” सव्वीस असामींच्या बावन्न झेरॉक्स टेबलावर पडून होत्या. रंगरावजींनी खिशातून रुमाल काढला आणि कारण नसता चष्मा पुसला.

बाईंनी विचारिले, “जुना झळक परत बसवता येईल?”

“तो आहेच की बसलेला. पण ताई, त्याच्या पोटातच तारीख भरून ठेवली होती. ती उलटली की तो आपला आपण चालायचा बंद. कुठल्याही मशिनीवर टाका, आता नाही उठायचा.”

तीन वर्षे जो सरदार आमच्यासमोर अक्षरे काढीत होता तो आपले मरणाची तिथी पोटात बाळगून होता, आणि रोज तेच सांगू पाहत होता, आणि आम्ही रोज त्यास ‘नंतर’ म्हणत होतो. धडे नव्या रीतीने बांधावयास किती दिवस लागतील ऐसे विचारिता रफीकभाई उत्तरले, की माणूस मिळाला तर तीन महिने. परीक्षेस तर दिवस उरले आठ.

मग रंगरावजींनी मसलत केली, आणि मसलत सोपी होती. ते बोलिले, “बाई, यंत्र गेलं तर गेलं. तुम्ही आहात ना? फळ्यावर शिकवा. अहो, यंत्राला शिकवलं कुणी? तुम्हीच ना?” सर्वांनी माना डोलाविल्या. मी धावत खाली जाऊन खडू आणिला, फळा पुसला, आणि बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी खडू घेतला. रेघ ओढली, ती वाकडी गेली. पुसली, पुन्हा ओढली. मग ‘क’ काढावयास हात नेला आणि हात तेथेच थांबला. आम्ही वाट पाहत राहिलो. बाईंनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला, अर्धे वळण काढले, ते भलतीकडे गेले, आणि खडू मोडून खाली पडला. तेव्हा त्या मागे वळल्या. अकरा वर्षांत त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

त्या म्हणाल्या, “मला येत नाही.”

कोणास काही समजेना. रंगरावजी बोलिले, “म्हणजे?”

“म्हणजे लिहिता येत नाही. वाचता येतं. जुन्या कित्त्यातलं अक्षर समोर घ्यायचं, माऊसनं एक एक ठिपका पुढे सरकवायचा, एका अक्षराला तीस-चाळीस चित्रं. ती भरभर फिरली की हात लिहितोय असं दिसतं. पण तसा हात कुणाचा नव्हताच. मी एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही. कुणी लिहायला सांगितलंच नाही मला. आठ दिवसांनी त्या परीक्षकांसमोर मी काय तोंड दाखवू?”

झळक पडला तेव्हा धक्का बसला होता, आधाराचा उलगडा जाहला तेव्हा बसला होता, परंतु हा तिसरा जो बसला त्यापुढे पहिले दोन काहीच नव्हते. ज्या बाईंच्या धाकाने आम्ही खाली मान घालून कित्ता गिरवीत असू, त्या बाईंस ‘क’ येत नाही! मला राग आला, मग कीव आली, आणि मग माझेच बोट आठवून दोन्ही गिळून बसलो.

इतक्यात शेवटल्या बाकावरून द्रौपदाबाई उठल्या. गुडघे धरीत, हळूहळू, फळ्यापाशी आल्या, खाली पडलेला खडूचा तुकडा उचलिला, आणि कोणास न विचारिता एका दमात फळाभर रेघ ओढली, सरळ. आणि मग त्या रेघेखाली अक्षरे उतरू लागली, मा, मग झे, मग ना, मग पुढे, खडू फळ्यावरून उठतच नव्हता. ओळ संपली. सुटी अक्षरे नव्हेत, जोडून लिहिलेले वाक्य होते: ‘माझे नाव द्रौपदा आहे.’ आम्ही पाहतच राहिलो. तीन वेळा नापास जाहलेली बाई!

कुमुदिनीबाईंनी विचारिले, “तुम्हाला हे कसं येतं?”

“आता काय सांगू. मोतीबिंदूनं मला मागनं दिसायचं न्हाई. मग मी वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबायची, धडा लावायची, आन् काचेवर बोट फिरवायची. अक्षर फुडं, माझं बोट मागं. चार वर्सं फिरवलं. लिवायला येतंय मला. जुन्या कागदावरचं वाचायला न्हाई जमत, म्हणून तर नापास होतीया.”

रोज सकाळी पडद्यावर बोटांचे डाग कोण उमटविते म्हणोन मी किती बडबड केली होती, आणि ओल्या फडक्याने ते किती नेमाने पुसले होते, ते आठवून मला तोंड लपवावेसे वाटले.

मग कुमुदिनीबाई पदर खोचून चालत पहिल्या बाकाकडे गेल्या, तेथील असामीस सरकावयास सांगितले, आणि बसल्या, आणि वही उघडली. ते दिवसापासून आठ दिवस द्रौपदाबाई लिहून दाखवीत आणि कुमुदिनीबाई वाचून दाखवीत, आणि उरलेले बावीस दोघींकडून शिकत. परीक्षेचे दिवशी परीक्षकांनी यादी मागितली, तेव्हा बाईंनी आपले हाताने तीत चोविसावे नाव घातले, कुमुदिनी सबनीस. परीक्षक हसले, त्यांस थट्टा वाटली. बाई हसल्या नाहीत.

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. एकंदर गोषवारा ऐसा: झळक सरदार गेला, धडे गेले, झेरॉक्स राहिल्या. परीक्षेस असामी चोवीस, पास तेवीस, त्यांत द्रौपदाबाई. आणि नापास एक, लेखनात दोन गुण कमी पडून, त्या वर्गाच्या गुरू. निकाल लागला त्याचे दुसऱ्या दिवशी मी दहा वाजता माडीवर गेलो, तो कुमुदिनीबाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या, मान वहीत घातलेली, आणि मागे उभ्या राहून द्रौपदाबाई त्यांस सांगत होत्या, “पुन्यांदा काढा. आन् हात उचलायचा न्हाई, बाई, सांगून ठेवते.”