मोरिओकाला उतरायचं होतं

"आपल्या जागेवर कोणीतरी झोपलंय," युकिए नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली.

कात्सुहिकोनं हातातल्या तिकिटावरचा आकडा पाहिला, खिडकीच्या वरचा आकडा पाहिला, आणि मग टोपी डोळ्यांवर ओढून, मास्क नाकापर्यंत चढवून गाढ झोपलेल्या म्हातारीकडे पाहिलं. शेजारच्या जागेवर तिची भली मोठी पिशवी होती आणि पिशवीवर तिचा हात. म्हणजे दोन्ही जागा गेल्या.

"उठव तिला."

"मी कशी उठवू? तुम्ही उठवा."

"परक्या बाईला मी हात लावू?"

"हात कशाला लावायचा? नुसतं खाकरा."

कात्सुहिको खाकरला, पण इतक्या अदबीनं की त्याचं त्यालाही ऐकू आलं नसावं. म्हातारी ढिम्म हलली नाही. पलीकडच्या गृहस्थानं मात्र पेपरमधून डोकं वर काढलं. दोघांनी वाकून त्याची माफी मागितली आणि दाराबाहेर, दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. बुलेट ट्रेन तोक्योच्या बाहेर पडून उत्तरेकडे सुसाट निघाली होती.

"जाऊ दे," कात्सुहिको म्हणाला. "पास आहे ना आपल्याकडे."

हा पास म्हणजे त्याच्या निवृत्त आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. साठी उलटलेल्यांसाठी वर्षातून मोजक्याच वेळा निघणारा, उत्तरेकडच्या भागात कुठल्याही बुलेट ट्रेनमध्ये चालणारा. तो हातात आला की कात्सुहिकोला कुठलीच गाडी चुकल्यासारखी वाटायची नाही. चुकली तर दुसरी, भलतीकडे गेली तर तिकडचं जेवण. युकिएचे आणि त्याचे, दोन्ही पास त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होते आणि मधूनमधून तो त्यांच्यावर हात ठेवून बघायचा, डॉक्टर छाती तपासतात तसा.

युकिएला मात्र आजची ही एकच गाडी हवी होती. काकुनोदातेला तिची थोरली बहीण राहायची, मित्सुयो. राहायची म्हणजे आज दुपारपर्यंत. त्यानंतर घराची किल्ली नव्या मालकाला देऊन ती कायमची दक्षिणेकडे, फुकुओकाला मुलाकडे जायची होती. त्याआधी त्या घरात जाऊन देव्हाऱ्यातल्या, वारलेल्या दाजींच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावायची, एवढंच युकिएला करायचं होतं. ते तिनं तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

दाजी वारले तेव्हा मित्सुयोनं फोनवर सांगितलं होतं, "इतक्या लांब मुद्दाम येऊ नकोस गं. थंडी आहे, त्यातून ही साथ. तू आलीस असंच मी समजेन."

आणि युकिए गेली नाही. आता, "येऊ नकोस" म्हटलं की यायचं असतं, हे त्यांच्या देशात शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं. युकिएलाही येत होतं. पण त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, सगळीकडे तापाची भीती होती, आणि बहिणीच्या शब्दाला मान दिला असं म्हणायची सोय झाली होती. तिनं ती सोय वापरली. नंतर ताई फोनवर नेहमीसारखीच बोलायची, अगदी तशीच, आणि तेच युकिएला जास्त लागायचं.

सेंदाईला बरीच माणसं उतरली. कात्सुहिकोनं फलाटावर उतरून मान लांब केली.

"अगं, मागच्या हिरव्या भागात बघ किती जागा आहेत! चल."

"अहो, हिरवा भाग मोरिओकाला सुटतो ना? लाल भाग ताईकडे जातो, हिरवा आओमोरीला."

"मोरिओकापर्यंत तर गाडी एकच आहे ना? तिथे उतरायचं, फलाटावरून पुढे यायचं, लाल भागात चढायचं. तोवर त्या बाईची झोपही होईल. पायांना गोळे आलेत माझ्या."

म्हणणं रास्त होतं. लाल आणि हिरवा भाग एकमेकांना जोडलेले असले तरी आतून इकडून तिकडे जायला वाट नव्हती, पण फलाटावरून चालत जायला कोण अडवतंय? दोघं हिरव्या भागात शिरली. शेजारी-शेजारी जागा नव्हत्या. कात्सुहिको पुढे कुठेतरी बसला आणि बसल्या-बसल्या घोरू लागला. युकिए कोणाच्या वाटेत नको म्हणून खिडकीशी सरकून बसली.

गाडी सुटता-सुटता एक तरुण साहेब तिच्या शेजारी येऊन आदळला. त्यानं समोरचं फळकूट खाली पाडलं, त्यावर कॉम्प्युटर उघडला, कॉम्प्युटरच्या कडेला जेवणाचा डबा, डब्याच्या कडेला झाकण नसलेली कॉफी. दोन घास खाल्ले आणि काड्या हातात तशाच धरून तो झोपला.

मोरिओका येत असल्याची सूचना झाली. युकिए पर्स छातीशी धरून उठली.

"माफ करा," ती म्हणाली.

साहेबाच्या काड्या किंचित हलल्या.

"माफ करा हं, जरा…"

त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. कोण जाणे किती रात्रींची झोप राहिली असेल बिचाऱ्याची, असं तिच्या मनात आलं, आणि तिथेच घात झाला. तिनं एक पाय उचलून त्याच्या गुडघ्यांवरून पलीकडे टाकता येतो का ते पाहिलं. येत नव्हता. कॉफी मात्र डुचमळली. पुढे कात्सुहिकोचं डोकं खांद्यावर कललेलं दिसत होतं. "अहो," तिनं हाक मारली, पण डब्यात सगळे शांत बसलेले असताना हाक तरी किती मोठ्यानं मारायची? माणसं उतरली, माणसं चढली, दार लागलं. पुढे लाल भाग सुटा होऊन कधीच निघून गेला होता. तिच्या जागेवर झोपलेली म्हातारी आता काकुनोदातेला निघाली होती आणि ती स्वतः आओमोरीला.

गाडीनं वेग घेतला तसा साहेब दचकून जागा झाला.

"मोरिओका आलं का?"

"येऊन गेलं," युकिए म्हणाली.

"अरे देवा! मला मोरिओकाला उतरायचं होतं!"

"मलासुद्धा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग उठवायचं नाही का मला, आजी?"

"तुम्ही झोपला होतात."

झोपल्याबद्दल त्यानं माफी मागितली, उठवलं नाही म्हणून तिनं मागितली, आणि मग दोघं आओमोरीपर्यंत फळकुटावर सांडलेल्या कॉफीकडे बघत बसली.

आओमोरीला कात्सुहिको डोळे चोळत उतरला. "आओमोरी? बघितलेलं नव्हतंच आपण!"

"अहो, ताई!"

"हो, ते आहेच. पण नशीब समज, इथेच उतरलो. पुढे ही गाडी समुद्राखालून जाते. तिथे आपला पास चालत नाही."

तिनं ताईला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. कात्सुहिकोनं वेळापत्रकात बोट घालून, पुढचं-मागचं सगळं जुळवून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "आता कुठूनही गेलो तरी पोहोचेपर्यंत तिनं घर सोडलेलं असेल गं."

घरात चुलीपाशी बसून ताई चहा करायची ती जागा, दाजींचं शोजीचं कागदी दार सरकवून "आलात का?" म्हणून बाहेर डोकावणं, ते सगळं तिनं गाडीत बसून मनात नीट लावून ठेवलं होतं. आता ते कुठे ठेवायचं ते तिला समजेना. कात्सुहिको कुठूनसा सफरचंदाचा रस घेऊन आला. तिनं तो न पिताच हातात धरून ठेवला. परतीची हिरवी गाडी आली तेव्हा ती मुकाट्यानं चढली.

मोरिओकाला गाडी थांबली. या खेपेस शेजारी कोणी झोपलं नव्हतं, वाट अगदी मोकळी होती, आणि उतरण्यात काही अर्थ उरला नव्हता. मागून येणारा लाल भाग हिरव्याला येऊन जुळला, हलकासा धक्का बसला. गाडी निघाली आणि फोन थरथरला. ताई!

डब्यात फोनवर बोलायचं नसतं. युकिए धावत दाराबाहेर आली.

"ताई, मला माफ कर, मी—"

"काय? मोठ्यानं बोल गं, ऐकू येत नाही."

"मी गाडीत आहे, ताई!"

"गाडी? हो, मी पण गाडीत. सामानवाले लवकर आटपले. किल्ली देऊन टाकली, मग रिकाम्या घरात काय बसायचं? आधीचीच गाडी धरली. तू आली नाहीस, म्हटलं असतील काही कामं."

म्हटलं असतील काही कामं. तीन वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली असेल, आल्या-गेल्याला.

"कुठे पोहोचलीस तू?" युकिएनं विचारलं.

"आत्ताच मोरिओका गेलं. जोडताना काय तो धक्का! चहा सांडला माझा."

"मलाही बसला धक्का," युकिए म्हणाली.

मग मित्सुयो हळूच म्हणाली, "तू कुठल्या भागात?"

"हिरव्या."

"मी लाल."

एकाच गाडीत, आणि मध्ये गाड्यांची दोन बंद नाकं एकमेकांत अडकलेली.

"तोक्योला भेटू या," मित्सुयो म्हणाली.

"तोक्योला न्यायला आलेला तुझा मुलगा तुला उतरल्या-उतरल्या दक्षिणेच्या गाडीत घालणार. तिकडे माझा पास चालत नाही. सेंदाईला मी येते तुझ्याकडे."

"तू कशाला धावपळ करतेस? मीच येते."

"नाही ताई, तू बसून राहा. मी येते."

"बरं, बरं," मित्सुयो म्हणाली.

इतक्या वर्षांनी तरी त्या "बरं, बरं"चा अर्थ युकिएला कळायला हवा होता. सेंदाईला ती उतरून मागे पळाली आणि लाल नाक हिरव्या नाकाला जिथे जुळलं होतं तिथे तिला ताई भेटली. तीही उतरून पुढे पळत आली होती. केस पांढरे झाले होते आणि पाठ वाकली होती. हातात जांभळ्या कापडात बांधलेली, उभट, हलकीशी वस्तू. दाजींच्या नावाची पाटी. ती काही जागेवर ठेवून येण्यासारखी नव्हती.

दोघी थांबल्या आणि दोघींनी वाकून नमस्कार केला. धाकटीनं थोरलीपेक्षा जास्त वाकायचं म्हणून युकिए जास्त वाकली, म्हणून मित्सुयो आणखी वाकली.

"चल, चढ. माझ्या डब्यात चल," युकिए म्हणाली.

"माझ्यात चल. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे."

"तू आधी."

"नको, तू आधी."

गाडी सुटण्याचं गाणं वाजलं आणि दारं लागली. हिरव्या खिडकीतून कात्सुहिकोचा चेहरा सरकत गेला. तो काचेवर हात आपटत काहीतरी ओरडत होता. मागोमाग लाल डबे गेले. एका रिकाम्या जागेवर मित्सुयोची बॅग शहाण्यासारखी बसली होती.

फोन आला. "अगं, तुझा पास माझ्या खिशात आहे!"

"असू दे," युकिए म्हणाली आणि फोन बंद केला. असं ती आयुष्यात कधी कोणाला बोलली नव्हती.

गाडी गेल्यावर फलाट मोठा वाटू लागला. तिनं पर्समधल्या उदबत्त्यांवर हात ठेवला. इथे काही लावता येणार नव्हत्या. तिनं नुसतेच हात जोडले आणि जांभळ्या कापडासमोर डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाली, "ताई, तेव्हा मी यायला हवं होतं."

"काय?"

"यायला हवं होतं मी."

"पलीकडच्या गाडीच्या आवाजात काही कळत नाही. काय म्हणतेस?"

"मी यायला हवं होतं!" युकिए ओरडली. वर्तमानपत्र वाचणारा एक माणूस दचकला. दूरवर कोणीतरी वळून बघितलं.

आता ताई म्हणेल, छे गं, त्यात काय एवढं. माझ्या मनातही नव्हतं. युकिए त्याची वाट बघत राहिली. तीन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती, आणि तेवढंच तिला ऐकायचं नव्हतं.

मित्सुयोनं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतंस. तुझ्यासाठी आसन घालून ठेवलं होतं. लोक विचारायचे, इथे कोण बसणार? मी म्हणायचे, माझी बहीण. संध्याकाळपर्यंत ते मी उचललं नाही."

युकिएनं मनगटानं डोळे पुसले. मित्सुयोनं बाहीतून रुमाल काढून तिला दिला, आणि तो आपल्यालाही लागणार आहे हे लक्षात आल्यावर त्याचं एक टोक परत घेतलं.

"आता तर तिथे जायचं म्हटलं तरी घर नाही," युकिए म्हणाली.

"नाही. पडदेसुद्धा काढले."

"कसं दिसत होतं गं, रिकामं?"

"लहान," मित्सुयो म्हणाली. "त्यात इतकी वर्षं आम्ही दोघं कशी मावलो, कोण जाणे. सांगते तुला सगळं. त्यांचं शेवटचंही सांगायचं राहिलंय. फोनवर कसं सांगणार?"

युकिएच्या मागे कोणीतरी हलकेच खाकरलं. तिनं वळून पाहिलं. फलाटावर दोन बायका इतक्या नीट, समोरासमोर उभ्या आहेत म्हणजे दार इथेच येत असणार, असं धरून तिच्या मागे माणसांची सरळ रांग लागली होती. बॅगा पायाशी, माना खाली, कोणाचा काही आवाज नाही. सगळ्यात पुढचा माणूस वाकून म्हणाला, "माफ करा, आपण पुढच्या गाडीत चढणार ना?"

युकिएनं सवयीनं माफी मागायला तोंड उघडलं. मित्सुयोनं तिची बाही धरली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "पुढे व्हा म्हणावं. आम्हाला वेळ लागेल."