गिटारीची खोट

धामणखेडमध्ये कुठलीही नवी वस्तू विकण्याआधी नगरपालिका तिच्यातली खोट बाहेर काढते, तराजूत तोलते आणि गिऱ्हाइकाला दाखवून पुन्हा जागच्या जागी ठेवते. हे काम सुलभा खैरमोडे करायची. डावा तळवा वस्तूवर ठेवायचा, उजव्या हाताच्या दोन बोटांनी जागा चाचपायची आणि हळूच ओढायची. मिक्सरची खोट भिजलेल्या कापसासारखी येते. छत्रीची चिंचोक्याएवढी, पण टणक. फ्रीजची खोट काढली की बोटं बराच वेळ बधिर राहतात.

महाग वस्तूची खोट हलकी आणि स्वस्त वस्तूची जड, असा साधा हिशेब होता. गिऱ्हाईक पारड्यात डोकावून बघे, हातात घेऊन बघे, आणि एवढ्या किमतीला एवढी खोट चालेल की नाही ते ठरवी. एकदा खोट डोळ्यांनी पाहिली की माणूस निर्धास्त होतो. त्यामुळे धामणखेडमध्ये खरेदी करून घरी गेल्यावर कुणी हळहळत बसत नसे.

सुलभा मात्र निर्धास्त नव्हती. जिल्ह्याला जाऊन रीतसर शिकून आली होती, हात अचूक होता, पण तो हात घरीसुद्धा थांबत नसे. जेवताना मध्येच उठून खिडकीची कडी बघून येई. पाहुण्यांच्या घरी चहा आला की कपाला तळवा लावून आधी कपाचा अंदाज घेई, मग चहाचा, मग पाहुण्यांचा. तिचा नवरा प्रभाकर पोस्टात होता. तो शांत माणूस. लग्नानंतर काही वर्षं त्याने तिला "जरा बस" म्हणून पाहिलं, नंतर तो तिच्या वाटचंही बसू लागला.

अशात ओसवालांच्या दुकानात गिटार आली.

ओसवाल मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या विकत. वाद्य कुणी सांगितलं तरच मागवत. ही गिटार इक्बाल तांबोळीने सांगितली होती. इक्बाल लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. साखरेच्या आजाराने त्याचे पुढचे दात गेले, ओठांना आधार राहिला नाही आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा यायला लागली. लग्नसराई तोंडावर आली होती. बँडमास्तरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की हातात वाजणारं काहीतरी घेऊन ये, नाहीतर दुसरा माणूस बघतो. लहानपणी त्याने थोडा बँजो वाजवला होता, म्हणून त्याने तारांचंच वाद्य घ्यायचं ठरवलं, आणि मिरवणुकीत ऐकू जावं म्हणून विजेचं.

खोक्यातून गिटार निघाली तेव्हा ओसवालही गल्ल्यावरून उठून बघायला आले. तिच्याबरोबर पट्टा होता, बॅग होती, वायर होती, तारांचा जादा संच होता. स्वर पकडायला तीन पिकअप होते, सूर लावायच्या खुंट्या घट्ट बसणाऱ्या होत्या, आणि सूर थरथरवायला एक दांडीही होती. असल्या गिटारी शहरात चढ्या किमतीला जातात. हिच्या खोक्यावर छापलेली किंमत मात्र एखाद्या बऱ्या मिक्सरइतकी होती.

"जड निघणार," ओसवाल म्हणाले. त्यांनी मोठा तराजू पुढे ओढला.

सुलभाने नेहमीसारखी सुरुवात केली. आधी गिटारीची मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं. सरळ होती. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. स्वस्त गिटारीच्या पट्ट्या इथे हमखास कापतात. या कापत नव्हत्या. इक्बालला प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून वाजवायला लावली. कुठेही झणझण नाही. दांडी दाबून सोडली, सूर जिथे होता तिथे परत आला. स्पीकरला जोडली, आवाज वाढवला, घरघर नाही. मग तिने डावा तळवा लाकडावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं फिरवायला लागली.

दुपार उलटून गेली. बोटांना जागा सापडेना. शेवटी तिने गिटारच पारड्यावर उलटी धरून हलवली. पारडं रिकामंच राहिलं.

"पुन्हा बघता का?" इक्बालने विचारलं.

तिने पुन्हा पाहिलं. मग मनगटावरचं स्वतःचं घड्याळ काढलं आणि त्यातली खोट काढून बघितली. ती चटकन आली, मोहरीएवढी, तेलकट. म्हणजे हात ठीक होता. खोट गिटारीतच नव्हती.

मुख्याधिकाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वस्तू इतकी स्वस्त आणि इतक्या सोयींची आहे म्हणजे खोट असणारच, यात त्यांना शंका नव्हती. ती वस्तूत नसेल तर वस्तूबाहेर असेल. वाटेत किंवा दुकानात सांडली असेल. त्यांनी दोन पर्याय ठेवले. खोट शोधावी किंवा किंमत वाढवावी. किंमत खोक्यावर छापलेली असल्यामुळे ओसवाल ती वाढवू शकत नव्हते. तेव्हा खोट सापडेपर्यंत विक्री थांबली, आणि आठवडाअखेर सापडली नाही तर गिटार परत जाणार असं ठरलं.

एक भलीमोठी खोट गावात मोकळी फिरते आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाली.

लोक घरं झाडायला लागले. कपाटं भिंतीपासून सरकवून मागे बघायला लागले. न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि नुसते केस विंचरून गिऱ्हाइकं परत पाठवली. शाळेची घंटा कालच्यापेक्षा बारीक वाजली असं तिघाचौघांचं म्हणणं पडलं. एका घरची सुपारी फुटायची होती, ती मुलाकडच्यांनी पुढे ढकलली. त्यांना मुलीत काही दिसलं नव्हतं आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटत होती. चौकातल्या बाकावर कुणी टेकेना. माणसं उभ्याउभ्याच बोलत आणि बोलता बोलता मागे वळून बघत.

नगरपालिकेसमोर रांग लागली. लोक जुने कुकर, शिलाई मशिनं, सायकली घेऊन आले. आपल्या वस्तूत ही नवी खोट शिरली नाही ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सुलभा काढत होती, तोलत होती, परत ठेवत होती. सगळ्या खोटी आपापल्या होत्या. ती घरी येई आणि घरातली भांडी तपासायला घेई. प्रभाकर ताट वाढून वाट बघे.

"सापडेल," तो म्हणे.

"सापडली नाही तर काय?"

तो तिच्या ताटावर झाकण ठेवी.

इक्बाल रोज दुकानात येऊन स्टुलावर बसे आणि विक्री झालेली नसल्यामुळे गिटारीला हात न लावता तिच्याकडे बघत हवेत बोटं चालवे. दोन गाणी त्याने तशीच बसवली होती. एकदा सुलभा दुकानाची फळी न् फळी चाचपत होती तेव्हा तिने त्याला सुचवलं की तो शेजारच्या गावी जाऊन तिथून गिटार घेऊ शकतो. तिथे असलं काही लागत नाही.

"नको बाई," इक्बाल म्हणाला. दात नसल्यामुळे त्याचं बोलणं थोडं निसटत असे, म्हणून तो सावकाश बोले. "उद्या वरातीत ही मध्येच बंद पडली, तर ती का बंद पडली ते मला आधीपासून ठाऊक पाहिजे. ट्रम्पेटची खोट मी तीस वर्षं ओळखत होतो. तिला सांभाळून वाजवत होतो. जिची खोट माहीत नाही तिच्याबरोबर उभं कसं राहायचं?"

हे सुलभाला पटलं. पटलं म्हणून ती अधिकच कासावीस झाली.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. ओसवालांनी गिटार खोक्यात ठेवली होती, पण खोकं बंद केलं नव्हतं. इक्बाल स्टुलावर होता, आज त्याची बोटं मांडीवर स्थिर होती. सुलभाने पुन्हा एकदा सगळं दुकान पालथं घातलं. पंख्यांची पाती, गल्ल्याखालची फट, ओसवालांच्या चपला. शेवटी तिला धाप लागली आणि ती गल्ल्याला टेकून उभी राहिली. धाप लागल्यावर कुणीही ठेवेल तसा तिने डावा तळवा छातीवर ठेवला. उजवा हात सवयीने पुढे आला, आणि दोन बोटांना जागा सापडली.

तिने ओढलं.

ती सहज आली नाही. खूप आतपर्यंत गेलेली होती. बाहेर आली तेव्हा कोंबडीच्या पिलाएवढी होती, तशीच ऊबदार, आणि पारड्यात ठेवली तर एका जागी राहीना. कडेला जाई, परत मध्ये येई, पुन्हा कडेला जाई. पारडं मात्र खाली बसलं. ओसवालांनी दुसऱ्या बाजूला वजनं टाकली, एक काढलं, एक टाकलं, आणि काटा मध्यावर आला.

"एवढ्या किमतीला एवढीच पाहिजे," ओसवाल म्हणाले.

इक्बालने वाकून बराच वेळ पारड्यात बघितलं. ओंजळीत घेतली, ती त्याच्या मनगटापर्यंत चढली आणि उतरली. मग त्याने मान हलवली. चालेल.

मुख्याधिकाऱ्यांना दुकानात यावं लागलं, कारण प्रश्न अधिकाराचा होता. माणसांच्या खोटी नगरपालिकेकडे येत नाहीत.

"खैरमोडे मॅडम, नीट आठवून सांगा. गिटारीतून सुटलेली खोट तुमच्यात शिरली होती, की ही तुमचीच?"

"माझीच असावी साहेब. मी शाळेत होते तेव्हापासून आहे."

"तसं असेल तर मला ती गिटारीत घालू देता येणार नाही." त्यांनी पारड्यात डोकावून पाहिलं. खोट कडेला गेली होती. "पण वजन जुळतं आहे. आपण ती गिटारीचीच धरू."

सुलभाने खोट गिटारीत ठेवली. मानेच्या मुळाशी, लाकडाला लाकूड मिळतं तिथे, ती लगेच आत गेली. इक्बालने गिटार गळ्यात अडकवली आणि तो तिथूनच बँडमास्तरांकडे गेला. खोट सापडल्याचं कळताच चौकातले बाक भरले. ढकललेली सुपारी फुटली.

सोमवारी सुलभाकडे एक इस्त्री तपासायला आली. तिने तळवा ठेवला, बोटं फिरवली. हाताला इस्त्री लागत होती, दुसरं काही नाही. "चांगली आहे," ती म्हणाली. मग पंखा आला, तोही चांगला होता. एक बादली आली, तिच्या बुडातून उजेड दिसत होता, आणि ती बादलीही तिला चांगली वाटली. मुख्याधिकाऱ्यांनी तिच्यावर राग धरला नाही. त्यांनी तिची बदली वाचनालयात केली आणि तिच्या जागी दुसऱ्या माणसाचा शोध सुरू केला. या कामाला किती खोट असलेला माणूस लागतो हे आता त्यांना माहीत होतं.

वाचनालयात ती खुर्चीवर बसून राही. घरी येऊन बसे. प्रभाकरने वाढलेलं गरम असतानाच जेवे. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं. त्याने पहिला घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. ती जेवत होती.

"मीठ बरं आहे का?" त्याने विचारलं.

"छान आहे."

त्याने उठून मीठ आणलं, तिच्या भाजीत घातलं, ढवळलं. मग खिडकीची कडी लागली आहे का ते बघून आला. त्या दिवसापासून तो जेवताना उठायला लागला. घरात कुणीतरी बघायला हवं होतं, आणि घरात दोघंच होती.

लग्नसराईत इक्बालला एक दिवसही मोकळा मिळाला नाही. गिटारीचा गावभर बोलबाला झाला. तिचा आवाज स्वच्छ होता, सूर उतरत नव्हता, फक्त ती एका गाण्यात टिकत नसे. कडवं संपायच्या आत पुढच्या गाण्यात जाई, तिथे काहीतरी शोधल्यासारखं करी आणि तिसऱ्यात जाई. इक्बालला तिची खोट ठाऊक होती. तो सांभाळून घेई. नाचणाऱ्यांना बसायला सवड मिळत नसे आणि वराती वेळेआधी मांडवात पोचत. बँडमास्तर त्यावर खूश होते.

ओसवालांच्या पुतण्याच्या लग्नाला सुलभा आणि प्रभाकर गेले. मांडवाच्या तोंडाशी खुर्च्या मांडल्या होत्या. सुलभा बसली. प्रभाकर उभाच होता. मांडवाचा एक खांब कलला आहे, सरबत पातळ आहे, भटजींचा चष्मा एका बाजूला सैल आहे, असं तो तिला सांगत होता. ती दुसऱ्या गावची बातमी ऐकावी तसं ऐकत होती आणि मान डोलवत होती.

वरात आली. ढोल पुढे गेला, झांजा पुढे गेल्या. इक्बाल तिच्या खुर्चीसमोर आला आणि गिटार थांबली. म्हणजे वाजायची थांबली नाही, पुढे सरकायची थांबली. एकच तार पुन्हा पुन्हा वाजायला लागली, थोडी वर, थोडी खाली. इक्बालने पाऊल उचलून पाहिलं, पट्टा ताणला गेला, गिटार जागची हलेना. मागे घोडा थांबला, घोड्यावर नवरदेव थांबला.

"बाई, माफ करा," इक्बाल तारांवरचा हात न काढता म्हणाला. "तुम्ही दिसलात की ही असं करते. मागं बाजारातही केलं होतं."

"काय शोधते आहे ती?" सुलभाने विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत असेल."

सुलभाने आठवून पाहिलं. तिला काही आठवलं नाही, आणि आठवत नाही याचंही काही वाटलं नाही. तिने हात पुढे करून गिटारीवर तळवा ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं, उन्हाने तापलेलं, आणि आतून कुणीतरी इकडून तिकडे जात होतं.

"छान वाजते," ती म्हणाली.

मग ती उठली आणि वरातीला वाट मिळावी म्हणून खुर्ची मागे ओढून बसली. गिटार दोन पावलं चालली, पुन्हा थांबली, मग पुढच्या गाण्यात गेली. घोडा हलला. प्रभाकर तिच्या खुर्चीच्या मागे उभा राहून खुर्चीचा चौथा पाय जमिनीला टेकतो का ते बघत होता.